खोक्यावरचे लुमेन आणि खिशातला अंधार
पावसाळ्यात वीज गेली की जिना उतरण्यापुरता उजेड मिळावा, एवढ्यासाठी मला खिशात मावणारी टॉर्च हवी होती. पण कोल्हापुरात महाद्वार रोडपासून लक्ष्मीपुरीपर्यंत जिथे जावे तिथे बोटाएवढ्या टॉर्चच्या खोक्यावर १०,००० लुमेन (लुमेन म्हणजे उजेड मोजायचे एकक) छापलेले असतात आणि आत सेल कोणता, पूर्ण उजेड किती वेळ टिकतो, याबद्दल एक अक्षरही नसते. घरात वावरायला ५० ते १०० लुमेन पुष्कळ होतात, हे कोणी सांगतच नाही. मी घेतलेल्या टॉर्चचे बटण इतके हलके निघाले की ती खिशातच पेटून राहिली आणि ऐन अंधारात तिने मान टाकली. साध्या पेन्सिल सेलवर चालणारी, घट्ट बटणाची टॉर्च मागितली तरी दुकानदार पुन्हा तेच खोके पुढे सरकवतो, याचा मनस्वी संताप येतो.