शिबंदीची घरटी आणि एक लाकडी बराक

सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत एंजल आयलंड नावाचं बेट आहे. त्याच्या उत्तर अंगाला, पाण्यापासून थोडं वर, एक दुमजली लाकडी इमारत उभी आहे. फळ्यांच्या भिंती, उतरतं छप्पर, ओळीने खिडक्या. कमान नाही, नक्षी नाही, कुणा राजाचं वा सेनापतीचं नाव नाही. भारतातून आलेल्या पाहुण्यांना तिथे नेलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "यात बघण्यासारखं काय आहे?" प्रश्न रास्त आहे. पण गेली काही वर्षं महाराष्ट्रात वारशावरून जे वाद चाललेत, ते वाचताना मला सारखी हीच इमारत आठवते.

१९१० ते १९४० या काळात पॅसिफिक ओलांडून आलेल्या लोकांना अडकवून ठेवायचं हे ठाणं होतं. सर्वाधिक चिनी होते, कारण १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेचा दरवाजा बंदच केला होता. कुणी काही दिवस, कुणी आठवडे, काही जण तर दोन वर्षांच्या आसपास इथे अडकून पडले. हिंदुस्थानी लोकही होते, आणि परत पाठवलेल्यांचं प्रमाण आपल्याच लोकांत सर्वांत जास्त होतं. १९१५ साली वैष्णोदास आणि कला बगाई हे जोडपं तीन मुलांसह इथे थांबवलं गेलं. (समोरच्या किनाऱ्यावर सॅन राफेल गाव आहे. तिथल्या लष्करी शाळेत आपल्या वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे शिकले. या खाडीशी आपलं नातं आयटीवाल्यांच्या फार आधीचं आहे.) १९४० मध्ये ठाण्याची मुख्य कचेरी जळाली, माणसं हलवली आणि जागा लष्कराकडे गेली. दुसऱ्या महायुद्धात याच इमारतीत जर्मन आणि जपानी युद्धकैदी राहिले. युद्ध संपलं, लष्कर निघून गेलं, आणि बराक ओस पडली.

आत गेल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबावं लागतं. मग भिंतीवर चिनी अक्षरं दिसू लागतात. अडकलेल्या माणसांनी आधी पेन्सिलीने आणि शाईने कविता लिहिल्या. अधिकाऱ्यांनी त्यावर रंग फासला. मग त्या चाकूने लाकडात कोरल्या गेल्या. अधिकाऱ्यांनी खाचांत लांबी (पुट्टी) भरली आणि पुन्हा रंग दिला. वर्षांनुवर्षांत लांबी आकसली, रंगाचे पापुद्रे सुटले आणि अक्षरं परत वर आली. समोरून पाहिलं तर भिंत नुसती खडबडीत वाटते, बाजूने उजेड पडला की एकेक रेघ उठून दिसते. लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांची नावं कुणालाच ठाऊक नाहीत. अशा दोनशेहून अधिक कविता नोंदल्या गेल्या आहेत. सिमेंटच्या भिंतीवर इतकं खोल कुणी कोरलं नसतं, आणि दगडावर कोरायला हत्यारं मिळाली नसती. त्यांच्या हाताला सापडलं ते लाकूड.

ही इमारत पाडायची असं ठरलेलं होतं. १९७० मध्ये अलेक्झांडर वाइस नावाच्या एका उद्यानरक्षकाच्या नजरेस ही अक्षरं पडली. वरिष्ठांनी लक्ष दिलं नाही, तेव्हा त्याने आपल्या प्राध्यापकांना बोलावलं, भिंतींचे फोटो काढून घेतले. मग इथे अडकलेल्यांची मुलं-नातवंडं पुढे आली. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने अडीच लाख डॉलर मंजूर केले, १९८३ मध्ये बराक लोकांसाठी उघडली आणि १९९७ मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. वाचवण्याची सुरुवात सरकारने केली नाही, हे मी मुद्दाम सांगते, कारण "तिकडचं सरकार किती जागरूक" हे वाक्य गावाकडे फार सहज बोललं जातं.

आता घरचं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याला जागतिक वारसा मानलं. बारा किल्ले, त्यातले अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. त्या दिवशी इथल्या मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावर नुसता जल्लोष होता आणि मीही त्यात होते. पण किल्ल्यावर हिंडताना एक गोष्ट मला नेहमी टोचते. तटबंदी आहे, बुरूज आहेत, दरवाजे आहेत, टाकी आहेत. आणि मग गवतात दगडांचे चौकोन दिसतात. सोबतचा जाणता माणूस सांगतो, "ही शिबंदीची घरटी." म्हणजे ज्यांनी पावसाळ्यात पहारे दिले, ज्यांनी गड लढवला, त्यांची राहायची जागा. उरलं आहे ते फक्त जोतं. खांब, वासे, गवताची शाकारणी सगळं गेलं. रायगडावर १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी आग लागली आणि वाड्यांचं लाकूड जळालं. शनिवारवाडा १८२८ मध्ये जळाला, आज आपण पाहतो तो मुख्यतः दगडी भाग. आपल्या इतिहासातला दगड टिकला, लाकूड गेलं, आणि लाकडाबरोबर साध्या माणसाचं घर गेलं.

म्हणून शिपायांची लाकडी बराक कुठेही उभी दिसली की मला ती राजवाड्याइतकीच मोलाची वाटते. राजवाड्याबद्दल बखरी असतात, पत्रं असतात, चित्रं असतात. शिपाई कसा झोपत होता, दोन बिछान्यांत किती जागा होती, खिडकी त्याच्या डोक्याशी होती की पायाशी, हे कोणी लिहून ठेवत नाही. ते फक्त इमारत सांगते. ती गेली की विचारायला जागाच उरत नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये पुण्यातला भिडेवाडा रातोरात पाडला गेला. सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू केली ती जागा. अनेक वर्षं प्रकरण कोर्टात अडकलं होतं, निकाल लागला आणि राष्ट्रीय स्मारकासाठी जागा मोकळी झाली. स्मारक व्हायलाच हवं होतं, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. वाडा मोडकळीला आला होता, हेही खरं. तरीही माझं म्हणणं आहे की स्मारक ही एक गोष्ट आणि वास्तू ही दुसरी. ज्या जिन्यावरून त्या मुली चढल्या असतील, त्या जिन्याचं काम नवं शिल्प करू शकत नाही. पुण्याचाच विश्रामबागवाडा पाहा. सागवानी खांबांचा, कोरीव सज्जाचा तो वाडा दुरुस्त होऊन उभा आहे. म्हणजे हे काम आपल्याला येत नाही असं नाही. पेशव्याच्या वाड्यासाठी जे केलं ते शाळेच्या वाड्यासाठीही करता यायला हवं होतं.

"तुम्ही तिकडे बसून सल्ले देता," हे उत्तर मला ठाऊक आहे आणि ते निम्मं बरोबर आहे. एंजल आयलंडच्या बराकीत कुणी राहत नव्हतं. पुण्या-नाशिकच्या वाड्यांत लोक राहतात. जुनं नाममात्र भाडं, मालकाच्या वारसांत वाटण्या, टेकू दिलेली तुळई, गळकं छप्पर. कडीपाटातून माती पडत असताना त्याखाली झोपणाऱ्या बाईला वारशाचं मोल सांगायला जाणं क्रूरपणाचं आहे. लष्करातल्या जवानालाही चांगलं पक्कं घर मिळालंच पाहिजे. बराक जपायची म्हणून त्याने गळक्या छपराखाली राहावं, असं कोणीही म्हणू नये.

आणि इकडेही सगळं जपलं गेलं असं मुळीच नाही. मॉन्टेरीजवळ फोर्ट ऑर्ड नावाचा मोठा लष्करी तळ होता, १९९४ मध्ये तो बंद झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या धांदलीत अमेरिकी लष्कराने एकाच नमुन्याच्या हजारो लाकडी बराकी देशभर उभ्या केल्या होत्या. एका बराकीत ६३ माणसं, दोन मजले. युद्धापुरत्या टिकल्या तरी पुरे, असा हिशेब होता. फोर्ट ऑर्डच्या बराकी तळ बंद झाल्यावर वर्षांनुवर्षं नुसत्या उभ्या राहिल्या. काचा फुटल्या, जमीन कुजली, शिसं असलेला रंग सोलून निघाला, अॅस्बेस्टॉसमुळे पाडणंही महाग झालं. मग बऱ्याचशा पाडल्याच. नुसतं न पाडणं म्हणजे जतन नव्हे, हे तिथे दिसतं. लाकडाला माणसाचा वावर लागतो. खिडक्या उघडणारं कुणी असलं की ओल धरत नाही, आणि छप्पर गळलं की त्याच पावसाळ्यात कळतं.

सॅन फ्रान्सिस्कोमधल्याच प्रेसिडिओ या लष्करी तळाने दुसरी वाट धरली. १९९४ मध्ये लष्कर गेल्यावर १९९६ मध्ये त्यासाठी सरकारी विश्वस्त संस्था नेमली गेली आणि २०१३ पर्यंत स्वतःच्या पायावर उभं राहण्याची अट घातली गेली. जुन्या घरांत भाडेकरू आले, बराकींत कचेऱ्या आणि एक संग्रहालय आलं, आणि त्या भाड्यातून डागडुजी होऊ लागली. यावर टीका होते, सार्वजनिक जागेचा बाजार केला असं म्हणतात. मला तरी ती वाट पटते. इमारत वापरात असल्याशिवाय लाकूड जगत नाही आणि पैसाही येत नाही.

जतन म्हणजे एकही फळी बदलायची नाही, असं नव्हे. १९९४ मध्ये जपानच्या नारा शहरात वारसा तज्ज्ञांनी तयार केलेल्या नारा दस्तऐवजाने जपानसारख्या लाकडी परंपरेच्या देशांच्या बाजूने हेच मांडलं, की वास्तूचा अस्सलपणा निव्वळ मूळ सामग्रीवर मोजू नये. खांबाचं कुजलेलं टोक कापून त्याच जातीच्या लाकडाचा जोड देता येतो. छप्पर, खिडक्यांची दारं, पायऱ्या कितीदाही बदलता येतात. पण काही भाग असा असतो की तो बदलला तर सगळंच गेलं. एंजल आयलंडला तो भाग म्हणजे भिंतीच्या फळ्या. कुठला भाग बदलायचा आणि कुठल्याला हात लावायचा नाही, हे ठरवण्यासाठी आधी कुणीतरी जाणत्याने इमारत नीट वाचावी लागते. आपल्याकडे नेमकी हीच पायरी वगळली जाते. "धोकादायक" अशी पाटी लागते, तिथून थेट जेसीबी.

हे आत्ताच लिहायचं कारण छावण्या. कँटोन्मेंटचा नागरी भाग वेगळा काढून नगरपालिका-महापालिकांत घालायचं धोरण केंद्राने घेतलं आहे, २०२३ मध्ये हिमाचलातल्या योलपासून त्याची सुरुवात झाली. पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, अहिल्यानगर, कामठी, सगळीकडे त्यावर बोललं जातंय. चर्चा कसली, तर चटईक्षेत्र किती मिळेल, करांचं काय, पाणी कोण देणार. हे प्रश्न लोकांच्या रोजच्या जगण्याचे आहेत, त्यांना कमी लेखायचं नाही. पण याच हद्दींत इंग्रजी काळातली लाकडी तुळयांची, कौलारू, पडवीवाली बांधकामं अजून आहेत. त्यांत आपल्याच पणजोबा-खापरपणजोबांनी पलटणीत दिवस काढले. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरच्या कितीतरी घरांत भिंतीवर पदकं आहेत, पण तो माणूस कुठल्या छपराखाली झोपला हे कुणाला सांगता येत नाही.

अमेरिकी संरक्षण खात्याने १९८६ मध्ये वारसा संस्थांशी एक करार केला. युद्धकाळातल्या तात्पुरत्या लाकडी इमारती पाडायला मुभा मिळाली, पण त्याआधी त्या प्रकारांची नोंद करायची होती: आराखडे, फोटो, इतिहास. विस्कॉन्सिनच्या फोर्ट मॅकॉयमध्ये त्यातल्या काही इमारती दाखवण्यासाठी ठेवल्याही आहेत. एवढं आपल्यालाही जमण्यासारखं आहे. वास्तुशास्त्राची महाविद्यालयं पुण्यात-नाशकात आहेत, मोजमाप घेणारे विद्यार्थी आहेत, लष्कराकडे जुने नकाशे असतील आणि निवृत्त सुभेदारांकडे आठवणी आहेत. हस्तांतराच्या कागदावर सही होण्याआधी प्रत्येक छावणीतल्या जुन्या इमारतींची यादी करावी, लाकूड कुठलं, सांधे कसे, कोण राहत होतं ते लिहावं, आणि दर छावणीत निदान एक शिपायांची बराक वापरात ठेवावी. वाचनालय करा, पोरांची तालीम करा, भरतीपूर्व प्रशिक्षणाचं केंद्र करा. माझ्यासारख्या बाहेरच्यांनी त्यासाठी पैसे द्यावेत. किल्ल्यांच्या मोहिमांसाठी आम्ही इथून देतोच, या यादीसाठीही देऊ.