चिंचेपासून दर्याकडे तिसरी

"जेसीबी आलाच आहे गावात, तर त्या इस्रायलांच्या कबरस्थानातली चिंच पण काढून घेऊ." परवा हे कानावर आलं आणि तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही.

अलिबागकरांना नवगाव वेगळं सांगायला नको. तिथे गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बुडालेल्यांना किनाऱ्याजवळच पुरलं, असं बेने इस्रायल, म्हणजे आपले कोकणातले ज्यू, पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. मग ते कोकणात गावोगाव पसरले. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवार त्यांचा विश्रांतीचा वार, त्या दिवशी घाणा बंद, म्हणून 'शनवार तेली'. आडनावंसुद्धा आपल्याच गावांची: किहीमकर, पेणकर, रोहेकर. नवगावला स्मारक आहे, माणसं येतात. आमच्यासारख्या लहान गावातल्या दफनभूमीकडे कोण फिरकतंय?

गडग्याच्या आत वीसेक दगड उरलेत. एकावर वर हिब्रू, खाली मराठी. अक्षरांत शेवाळ भरलंय, बोट फिरवलं की 'आई' एवढंच हाताला लागतं. चिंचेचं मूळ त्या दगडाखाली शिरलंय. दगड कललाय खरा, पण आता त्याला धरून ठेवलंय तेही त्याच मुळानं. मूळ उपटलं की दगड गेलाच म्हणून समजा.

1948 नंतर एकेक घर इस्रायलला गेलं. दोन वर्षांपूर्वी तिथल्या दिमोना गावाहून एक आजी आल्या होत्या. हातात नकाशा नाही, काही नाही. म्हणाल्या, "आई सांगायची, चिंचेपासून दर्याकडे तिसरी." सरळ चालत गेल्या, तिसऱ्या कबरीपाशी बसल्या, कितीतरी वेळ. उठताना दगडावर एक खडा ठेवला. त्या कबरीची नोंद कुठल्या दप्तरात असेल असं मला वाटत नाही. ती चिंच हीच नोंद.

चिंच 1964 च्या झाडतोड कायद्याच्या यादीत आहे, परवानगीशिवाय तोडता येत नाही, हेही खरं. पण मला कायद्याचा धाक घालायचा नाहीये. ज्यांची माणसं तिथे झोपलीत त्यांना न विचारता आपण हात लावायचा नाही, एवढंच माझं म्हणणं. घरं बंद झाली म्हणून शेजार संपला का?

घाणेरीची झुडपं माजलीत हे मान्य. ती कोयत्यानं निघतात. रविवारी सकाळी सातला मी जातोय, ज्यांना जमेल त्यांनी या. शनिवारी सुट्टी आहे बऱ्याच जणांना, पण शनिवार नको. त्यांच्या आवारात तरी तो वार पाळू.