‘परत पाठवा’ लिहून जाहिरातीचं टपाल थांबत नाही

व्हॉट्सअॅपवर फिरणारा संदेश साधारण असा आहे: जाहिरातीचं पाकीट फोडू नका, त्यावर ‘नाकारले, परत पाठवा’ असं लिहून टपालपेटीत टाका. परतीचा भुर्दंड पाठवणाऱ्याला पडतो आणि दोन-तीनदा असं झालं की तो तुमचं नाव यादीतून काढतो. आतलं पोस्टेज भरलेलं उत्तर-पाकीट रद्दी ठासून पाठवून द्या. ‘जाहिराती नकोत’ अशी एकदा नोंदणी केली की कायमची सुटका. बिलं ई-मेलवर घेतली की घरात कागद येणंच बंद.

‘परत पाठवलं की खर्च त्याला, नाव कमी’

सगळ्यांत लोकप्रिय आणि सगळ्यांत निरुपयोगी सल्ला हाच. जाहिरातीचं टपाल घाऊक दराने जातं आणि त्या स्वस्त दरात परतीची सेवा बहुधा धरलेलीच नसते. अमेरिकेत अशा पाकिटावर पाठवणाऱ्याने परतीची सूचना छापून घेतली नसेल, तर नाकारलेलं पाकीट टपाल खातं सरळ रद्दीत काढतं. पाठवणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. तुमच्या नाराजीचं ओझं वाहतो तो बिचारा पोस्टमन. त्यामुळे लिहिण्याआधी पाकिटावर ‘न पोचल्यास परत करावे’ अशा अर्थाची ओळ आहे का, ते पाहा. नसेल तर पेन खाली ठेवा.

परत पाठवणं उपयोगी पडतं ते वेगळ्या पाकिटांसाठी: पूर्वीच्या भाडेकरूच्या नावाने पूर्ण दराने आलेली बँकेची, विम्याची पत्रं. त्यांवर ‘या पत्त्यावर राहत नाही’ असं लिहा, पाठवणाऱ्याचा पत्ता मोकळा ठेवा आणि खाली छापलेला वर्गवारीचा बारकोड पेनाने पूर्ण खोडा. हे शेवटचं काम बहुतेक जण विसरतात. मग वर्गवारीचं यंत्र तुमचं लिखाण न वाचता फक्त बारकोड वाचतं आणि तेच पाकीट पुन्हा तुमच्या दारात येतं.

नाव-पत्ता नसलेली पत्रकं परत पाठवण्यात तर काहीच अर्थ नाही, कारण ती कुठल्या यादीवरून आलेलीच नसतात. तिथे पेटीवरचा ‘जाहिराती नकोत’ हा स्टिकर चालतो, तोही जिथे वाटप करणाऱ्यांवर तो पाळण्याचं बंधन आहे तिथे. अॅमस्टरडॅमने 2018 पासून नियमच उलटा केला: ज्या पेटीवर ‘हवं’ असा स्टिकर असेल, तिथेच जाहिरात-पत्रकं टाकायची. नावाने आलेल्या टपालावर मात्र असा स्टिकर चालत नाही.

‘उत्तर-पाकिटात रद्दी भरा’

परत आलेल्या उत्तर-पाकिटाचे पैसे कंपनी भरते, एवढं खरं. पण निनावी रद्दीतून कुणाचं नाव काढायचं, हे तिला कळणार कसं? विटेवर ते पाकीट चिकटवून पाठवायची युक्तीही फिरते. अशी वस्तू टपाल खातं कचरा म्हणून बाजूला काढू शकतं. त्यापेक्षा जाहिरातीवरचं तुमच्या पत्त्याचं लेबल कापून त्याच उत्तर-पाकिटातून पाठवा आणि सोबत एका ओळीत मागणी लिहा. ती मागणी काय असावी, ते पुढच्या मुद्द्यात.

‘एकदा नोंदणी, कायमची सुटका’

इथे थोडं थांबायला हवं, कारण खरी मेख इथेच आहे.

कंपनीला ‘माझी माहिती काढून टाका’ असं सांगितलं तर ती नोंद खोडते. काही महिन्यांनी ती बाहेरून नवी यादी विकत घेते, त्यात तुम्ही असता आणि नोंदच उरलेली नसल्याने तुम्ही नवे ग्राहक ठरता. म्हणून मागणी अशी करा: ‘माझं नाव-पत्ता तुमच्या प्रतिबंध-यादीत ठेवा, माझी माहिती इतरांना देऊ नका आणि हा पत्ता कुठून मिळवला ते कळवा.’ प्रतिबंध-यादी म्हणजे पाठवणी करण्याआधी प्रत्येक नवी यादी जिच्याशी ताडून पाहतात ती. युरोपातल्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याच्या कलम 21 नुसार थेट जाहिरातीला हरकत घेतली की ती थांबवावीच लागते. कारण द्यावं लागत नाही.

लेबलवरचं स्पेलिंग, आद्याक्षरं, घराचा क्रमांक जसाच्या तसा द्या, चुकलेला असला तरी. ताडणी संगणक करतो; तुम्ही ‘बरोबर’ नाव दिलंत तर चुकीच्या नावाची नोंद शाबूत राहते. एकच कॅटलॉग तीन स्पेलिंगांनी येत असेल तर तिन्ही कळवा. नावाच्या वर किंवा शेजारी आकडे-अक्षरांचा संकेत असतो, तोही द्या. पत्ता कोणत्या यादीतून आला हे त्यावरून कळतं.

छपाई आणि पाठवणीच्या याद्या आठवडे-आठवडे आधी तयार होतात. त्यामुळे दोन-तीन महिने पाकिटं येतच राहतात. चिडून पुन्हा अर्ज करू नका. तारीख लिहून ठेवा आणि तीन महिन्यांनंतर आलेल्या पाकिटाचीच तक्रार करा. नोंदणीला मुदतही असते. अमेरिकेत पतमाहितीवर आधारित कर्जाच्या आणि क्रेडिट कार्डांच्या प्रस्तावांना ऑनलाइन नकार दिला तर तो 5 वर्षं टिकतो; कायमच्या नकारासाठी सही केलेला फॉर्म टपालानेच पाठवावा लागतो. कागद थांबवायला कागदच!

‘बिलं ई-मेलवर घेतली की कागद बंद’

बिल आणि जाहिरात यांच्या परवानग्या सहसा वेगवेगळ्या असतात. एक बदलली म्हणून दुसरी बदलत नाही. खात्याच्या सेटिंगमध्ये दोन्ही तपासा, संयुक्त खात्यात दोघांच्याही. ई-मेल परत जाऊ लागला की अनेक संस्था आपणहून पुन्हा कागद पाठवू लागतात, म्हणून ई-मेलचा पत्ता बदलला तर आधी तिथे कळवा. पीडीएफ दर महिन्याला उतरवून ठेवा. खातं बंद झालं की संकेतस्थळावरची जुनी बिलं बघता येतीलच असं नाही.

आलेला सगळा कागद श्रेडरमध्ये घालू नका. बारीक पट्ट्यांचे तंतू आखूड होतात आणि पट्ट्या पुनर्वापर केंद्राच्या चाळण्यांतून खाली गळतात. नाव, खातेक्रमांक, बारकोड आणि क्यूआर कोड असलेला तुकडा फाडून तेवढाच श्रेडरला द्या. भरून आलेले अर्ज आणि नावाची नमुना-कार्डंही त्यातच. उरलेला कागद अखंडच पुनर्वापराला द्या.