पासपोर्टची प्रत माझ्या खणात आणि कॅनडा तुमच्या तोंडी

परदेशात गेल्यावर आपला देश लपवून दुसऱ्याच देशाचे नाव सांगणाऱ्या प्रवाशांचा मला मनस्वी तिटकारा आहे, आणि तो वर्तमानपत्रे वाचून आलेला नाही, आमच्या घराच्या पडवीत बसून आलेला आहे. देवबाग-तारकर्लीच्या बाजूला आमचा निवास-न्याहारीचा व्यवसाय आहे. परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरून परदेशी नागरिकांच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे पाठवावी लागते. आम्ही सगळे त्याला ‘सी फॉर्म’ म्हणतो. पासपोर्टचा क्रमांक, व्हिसाचा क्रमांक, कुठून आला, पुढे कुठे जाणार, फोटो, हे सगळे नेटला रेंज येईल तेव्हा, म्हणजे बहुधा माणसे झोपल्यावर, मलाच भरावे लागते. त्यामुळे माझ्याशी या बाबतीत कोणी खोटे बोलत नाही. मुकाट्याने पासपोर्ट काढून देतात, प्रत काढू देतात, वर ‘थँक यू’ म्हणतात. विमानतळावरच्या अधिकाऱ्याशीही कोणी खोटे बोलत नाही. खोटे बोलायचे ते ज्याला पासपोर्ट मागायचा अधिकार नाही त्याच्याशी, म्हणजे होडीवाल्याशी, चहावाल्याशी, बांगडे विकणाऱ्या बाईशी. माझ्या रागाचे मूळ इथे आहे.

मागच्या हंगामात एक तरुण आमच्याकडे उतरला होता. जुन्या, मळक्या पाठपिशवीवर तांबड्या मॅपलच्या पानाचे कोरे करकरीत कापड शिवलेले, टाके मोठमोठे, दोरा एका कोपऱ्यात अजून लोंबत होता. पासपोर्ट मात्र निळा, त्यावर सोनेरी गरुड. अमेरिकेचा. मी काही बोललो नाही. माणसाने पिशवीवर काय शिवावे हा त्याचा प्रश्न. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या शेजारचे होडीवाले काका त्याला कर्ली नदीच्या मुखाकडे, संगमावर फिरवून आणायला निघाले. काकांनी विचारले, कुठले? आता आमच्याकडे हा प्रश्न म्हणजे चौकशी नव्हे. तू खंयचो, कोणाचो, हे विचारल्याशिवाय आमच्या माणसाला समोरच्याशी बोलायला सुरुवातच करता येत नाही. कुडाळहून आलेल्या माणसालाही तो हेच विचारतो. पाहुण्याने सांगितले, कॅनडा.

काकांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. ‘‘अरे, माझो भाचो थंयच आसा, ब्रॅम्प्टनाक!’’ हे त्यांनी मला सांगितले आणि मग आपल्या इंग्रजीत त्यालाही सांगितले. तुम्ही कुठल्या गावचे, भाच्याच्या घरापासून किती लांब, बर्फात गाडी सुरू होते का, आमचा पोरगा सांगतो ते खरे का, प्रश्नांवर प्रश्न. त्याने उत्तर दिले की त्याचे गाव लहान आहे, काकांना ठाऊक नसेल. काकांना तेवढ्याने समाधान झाले. परत आल्यावर त्यांनी होडीचे ठरलेले पैसे पुरते घेतले नाहीत, भाच्याच्या देशातला माणूस म्हणून. घरी हाक मारून सोलकढी मागवली, तळलेले बांगडे मागवले, आणि भाच्याला व्हिडिओ कॉलही लावला, कारण आपल्याकडे सकाळ तेव्हा तिकडे रात्र, पोरगा कामावरून घरी आलेला असतो. तेव्हा मात्र पाहुण्याला एकाएकी कॅमेऱ्याचा संकोच वाटू लागला आणि तो हातपाय धुवायला मागच्या दारी गेला. मी पडवीत उभा होतो आणि पासपोर्टची प्रत आतल्या खणात होती. घरी आलेल्या माणसाला चारचौघांत खोटे पाडणे आमच्या रीतीत बसत नाही, हे त्याचे नशीब.

रात्री जेवताना मी त्याला एकट्याला गाठून विचारले. तो अजिबात वरमला नाही. म्हणाला, आमच्या सरकारचे वागणे जगाला आवडत नाही, मी त्या माणसाला मतही दिलेले नाही, मग उगाच वाद कशाला? अहो, पण वाद घालायला आले कोण होते? काकांना तुमच्या राष्ट्राध्यक्षाशी काय देणेघेणे? त्यांची भांडणे डिझेलच्या भावाशी, पर्ससीनच्या अवाढव्य जाळ्यांनी मासळी उपसणाऱ्यांशी आणि पावसाळा लांबला की त्याच्याशी. त्यांनी तुमचे मत मागितले नव्हते, गाव विचारले होते. जो वाद कोणी घातला नाही तो टाळण्यासाठी तुम्ही एका भल्या माणसाच्या बांगड्यांवर आणि मायेवर हात मारलात, आणि वर त्याला शहाणपण म्हणता.

ही खोड नवी नाही. कॅनडाने मॅपलच्या पानाचा झेंडा स्वीकारला १५ फेब्रुवारी १९६५ रोजी. ती व्हिएतनाम युद्धाची वर्षे होती, आणि ते पान अमेरिकी तरुणांच्या पाठीवर युरोपभर फिरू लागायला फार काळ लागला नाही. इराक युद्धानंतर पुन्हा तेच. २००४ च्या निवडणुकीनंतर तर एका अमेरिकी टी-शर्ट विक्रेत्याने पानाचा सदरा, पिशवीवर लावायचे कापड, कोटाची पिन आणि कॅनेडियन माणसासारखे कसे बोलावे याची पुस्तिका असा संचच विकायला काढला. निलाजरेपणालाही गिऱ्हाईक असते, हे आम्हा पर्यटनावर जगणाऱ्यांना नव्याने सांगायला नको.

जीवावर बेतले असता कोणी देश लपवला तर त्याला नाव ठेवणारा मी कोण? तेहरानमध्ये अमेरिकी वकिलातीचा कब्जा झाला तेव्हा निसटलेले सहा अमेरिकी कर्मचारी कॅनडाच्या राजनैतिक अधिकाऱ्यांच्या घरांत लपून राहिले आणि जानेवारी १९८० मध्ये कॅनडाच्या पासपोर्टवर सुखरूप बाहेर पडले. पण तिथे ते नाव कॅनडाच्या सरकारने स्वतः, खास निर्णय घेऊन, दिले होते आणि त्यापायी आपली वकिलातही बंद केली होती. २०२२ मध्ये युक्रेनमधून परतलेल्या आपल्या विद्यार्थ्यांनी सांगितले होते की वाटेत तिरंगा हाती घेऊन इतर देशांच्या काही मुलांनीही नाके पार केले. त्या मुलांनी तो घेतला याचा मला आनंदच आहे. डोक्यावर बॉम्ब पडत असताना घेतलेला झेंडा वेगळा आणि संगमावर फिरायला जाताना पिशवीवर शिवलेला वेगळा. हे कळायला पदवी लागत नाही.

आणि न विचारता उचललेल्या नावाची किंमत त्या नावाचा खरा धनी मोजतो. १९९७ मध्ये इस्रायलच्या हेरांनी कॅनडाचे पासपोर्ट वापरून जॉर्डनमध्ये हमासच्या एका नेत्याला मारायचा प्रयत्न केला, आणि कॅनडाला आपला राजदूत परत बोलवावा लागला. पिशवीवरचे कापड म्हणजे हेरगिरी नव्हे, ठाऊक आहे मला. पण उद्या खरोखरच ब्रॅम्प्टनचा कोणी मालवणच्या धक्क्यावर उतरला आणि तोवर काकांना कोणी खरे सांगितलेले असले, तर त्या बिचाऱ्याकडे ते कोणत्या नजरेने पाहतील?

एवढे लिहून थांबलो असतो तर आपल्या माणसांना गुदगुल्या झाल्या असत्या, की बघा, गोरे कसे लबाड. तेव्हा आता आपल्याकडे येतो, कारण माझा खरा संताप आपल्याच लोकांवर आहे. थायलंडने नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसामाफी दिली आणि तेव्हापासून आमच्या जेवणाच्या टेबलावर मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांच्या तोंडी फुकेत आणि पट्टाया यांशिवाय विषय नसतो. तोंडात सुरमईचा घास, ताटात घावणे, आणि कौतुकाने सांगणे असे की, ‘‘आम्ही तिकडे इंडियन म्हणून सांगतच नाही हो! मॉरिशस सांगतो. इंडियन म्हटले की टॅक्सीवाला तोंड वाकडे करतो, हॉटेलवाला कोपऱ्यातले टेबल देतो.’’ बायकामुले हसतात. मुलांना वाटते, आपले बाबा किती हुशार.

टॅक्सीवाला तोंड वाकडे का करतो, हे मात्र कोणी सांगत नाही. ते मी सांगतो, कारण मला ते घरबसल्या दिसते. ही मंडळी खोलीतले टॉवेल बॅगेत भरतात, चार माणसांची खोली घेऊन सात जण झोपतात, रात्री दोन वाजता स्पीकर लावतात, बाटल्या वाळूत फोडतात. पुळणीवर गाडी घालून चाके रुतेपर्यंत गोल गोल फिरवतात आणि मग रुतलेली गाडी ओढायला गावातली पोरे बोलावतात. कासवांनी त्याच वाळूत अंडी घातलेली असू शकतात याची त्यांना शुद्ध नसते. २०१९ मध्ये बालीच्या हॉटेलातून निघताना एका भारतीय कुटुंबाच्या बॅगांतून हेअर ड्रायरपासून शोभेच्या वस्तूंपर्यंत काय काय बाहेर निघाले, ते सगळ्या जगाने मोबाइलवर पाहिले. नाव आपणच घाण करायचे, आणि घाण झाले की ते दुसऱ्याच्या दारात टाकून मॉरिशसचे व्हायचे. याच मंडळींतले काही मालवणच्या मासळीबाजारात ‘‘आम्ही इथलेच, कट्टा गावचे’’ म्हणून भाव पाडतात, पण भाव करणाऱ्या बाईला ते दुसऱ्या वाक्याला कळते आणि ती पापलेट आणखी महाग करते. (तिला माझा मनापासून नमस्कार.)

शिवाय या हुशारीचा हिशेब कोणी मांडून पाहिला आहे का? नीट वागणारा, रांगेत उभा राहणारा, टिप देणारा भारतीय जर मॉरिशसचा म्हणवून घेणार असेल, तर त्याच्या चांगल्या वागणुकीची जमा मॉरिशसच्या खात्यात पडते, आणि विमानात दारू पिऊन दंगा करणारा, ज्याला खोटे सांगण्याइतकी शुद्धही उरलेली नसते, तेवढाच भारताच्या नावे खर्ची पडतो. सगळे सभ्य अमेरिकी कॅनडाचे झाले तर अमेरिकेच्या वाट्याला कोण उरणार? नाव खराब आहे म्हणून ते टाकणारी माणसे नाव दरवर्षी आणखी खराब करत जातात, आणि पुन्हा त्याच खराब नावाची सबब सांगतात.

आणि ज्यांना टाकता येत नाही त्यांचे काय? आमच्या किनाऱ्यावरची कितीतरी घरे जहाजावरच्या पगारावर उभी आहेत. खलाशाला देश लपवता येत नाही. तो त्याच्या सीडीसीवर, म्हणजे खलाशाच्या नोंदपुस्तिकेवर, छापलेला असतो, पासपोर्टवर छापलेला असतो आणि त्याच्या तोंडावरही लिहिलेला असतो. अमेरिकेच्या बंदरात जमिनीवर पाय ठेवायचा तर त्याला स्वतःच्या नावाचा व्हिसा लागतो. नसला तर जहाज कितीही दिवस धक्क्याला असो, त्याने डेकवर उभे राहून समोरचे दिवे पाहायचे. त्याच अमेरिकेतला माणूस माझ्या पडवीत बसून आज कॅनडा, उद्या वाटल्यास न्यूझीलंड, असे कपडे बदलावे तसे देश बदलतो. आखातातल्या माणसांचे तेच. १९९० मध्ये इराकने कुवेत घेतला तेव्हा एअर इंडियाच्या विमानांनी अम्मानमार्गे सुमारे १,७०,००० भारतीयांना मायदेशी आणले. त्या रांगांत उभ्या असलेल्यांत आपल्या कोकणातलीही माणसे होती, आणि त्यांच्या हातात तोच पासपोर्ट होता जो फुकेतच्या टॅक्सीत बसताना तुम्हाला खिशात टोचतो. काहींना सौदीत, कतारमध्ये आजही रोज हिणकस वागणूक मिळते. ते मॉरिशस म्हणत नाहीत. म्हणाले तरी मुकादम ऐकणार नाही.

तुमच्या सोयीचे ते मॉरिशस तरी काय आहे, हे तुम्हाला माहीत आहे का? १८३४ पासून तिथे उसाच्या मळ्यांवर राबायला भारतातून गिरमिटिये, म्हणजे कराराने बांधलेले मजूर, नेले, त्यांत मराठी माणसे होती आणि त्यांतली पुष्कळशी आमच्याच रत्नागिरीच्या बाजूची. परत येण्याची आशा सुटल्यावरही त्यांनी गणपती सोडला नाही, पोरांची मराठी नावे सोडली नाहीत. ज्यांना कोणी विचारत नव्हते, त्यांनी पिढ्यान् पिढ्या आपण कोण हे सांगायचे सोडले नाही, आणि तुम्ही विमानात झोप काढून उतरता न उतरता त्यांचे नाव पांघरता!

तेव्हा येत्या हंगामात कोणी माझ्या टेबलावर मॉरिशसची फुशारकी मारली, तर आग्रहाने दुसरी सुरमई वाढण्याआधी मी त्याला विचारणार आहे की मॉरिशसला गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी असते की नसते. असते. हे जर सांगता येत नसेल, तर फुकेतला निमूटपणे भारत म्हणा, टॅक्सीवाल्याला वरचे दोनशे बाथ द्या, आणि हॉटेलातले टॉवेल हॉटेलातच ठेवून या.