लिंक दाबलीच कशाला?

2024च्या दिवाळीच्या तोंडावर मिरजेच्या मामांचे एक लाख ऐंशी हजार रुपये गेले. केवायसी करा, नाहीतर खाते बंद होईल, असा मेसेज आला होता. त्यांनी लिंक उघडली, ओटीपी टाकला. घरच्या ग्रुपवर तासाभरात निकाल लागला: "लिंक दाबलीच कशाला?" अडतीस वर्षे गणित शिकवलेला माणूस पुढचा आठवडाभर कुणाशी फोनवर बोलला नाही.

मी नेदरलँड्समधल्या द हेगमध्ये राहते. डोमेन नावांचे, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्यांचे, धोरण आणि सुरक्षा हे माझे सोळा वर्षांचे काम. इंटरनेटवर कुठले नाव कुणाला द्यायचे, त्यावरून फसवणूक झाली तर ते किती लवकर बंद करायचे, यावर आम्ही महिनोन्‌महिने भांडतो. मामांचा स्क्रीनशॉट मी पाहिला. सुरुवातीला बँकेचे नाव, अगदी बरोबर. मग आडवी रेघ, मग केवायसी, शेवटी डॉट टॉप, म्हणजे कुणालाही विकत मिळणारा शेवट. डोमेनचे नाव उजवीकडून वाचायचे असते, खरा मालक तिथे कळतो. हे मामांना आजवर कुणी सांगितले होते?

मी इथे नवीन असताना, 2011 साली, इथल्याच बेव्हरवाइक गावच्या डिजिनोटार कंपनीत हल्लेखोर घुसले. साइट खरी असल्याचा डिजिटल दाखला देणारी ही कंपनी, आणि सरकारी साइट्सही तिच्याच दाखल्यांवर चालत. पाचशेहून जास्त खोटे दाखले निघाले. गूगलच्या नावाचा एक तर इराणमधल्या लोकांवर पाळत ठेवायला वापरला गेला. 3 सप्टेंबरला मध्यरात्र उलटून गेल्यावर तेव्हाचे डच गृहमंत्री पीट हाइन डोनर यांनी पत्रकार परिषद घेतली आणि सरकारी साइट्सच्या सुरक्षेची हमी आता देता येत नाही, असे सांगितले. त्या रात्री मी टीव्हीसमोरून उठले नाही. सरकार आपली बाजू कच्ची असल्याचे लोकांना झोपेतून उठवून सांगते, हे मी पहिल्यांदा पाहत होते. कंपनीचे त्याच महिन्यात दिवाळे निघाले.

जुलै 2014 मध्ये आपल्याकडेही एनआयसी या सरकारी संगणक संस्थेकडून गूगलच्या नावाचे अनधिकृत दाखले निघाले होते. गूगलने ते पकडले, आपल्या नियामकाने लगेच रद्द केले. काम चोख झाले, पण आमच्या घरात त्याचा विषयही निघाला नाही. लिंक दाबणाऱ्याची चूक मात्र प्रत्येकाला दिसते.

इथे सगळे आदर्श आहे असे नाही. फसणारे इथेही फसतात. पण डच डोमेनची नोंदणी पाहणाऱ्या आर्नहेमच्या संस्थेने 2012 पासून डीएनएसएसईसीची, म्हणजे पत्त्याची माहिती वाटेत कुणी बदललेली नाही हे दाखवणारी डिजिटल सही असलेल्या नावांच्या शुल्कात सूट दिली, आणि आज डॉट एनएलची निम्म्याहून जास्त नावे सहीची आहेत. सामान्य माणसाला त्यासाठी काहीच करावे लागले नाही. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत डॉट बँक डॉट इनवर जायला सांगितले, याचा मला मनापासून आनंद झाला. ते नाव बँकेखेरीज कुणाला मिळत नाही.

अडते ते पुढे. मामांचे पैसे गेले तेव्हा लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017च्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले, तर तक्रार करेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचेच. इथे नेदरलँड्समध्ये बँकेचा माणूस असल्याचे भासवून कुणी लुबाडले, तर बँका ठरलेल्या अटींवर भरपाई देतात. बँकेचे नाव घातलेला पत्ता कुणीही विकत घेऊ शकत होते, त्या काळात फसलेल्या माणसाला निष्काळजी म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

परवा मामांचा फोन आला. बँकेचा नवा पत्ता त्यांनी उजवीकडून वाचून दाखवला. "इन, मग बँक, मग नाव. बरोबर ना गं?"

बरोबर आहे, मामा. पैसे मात्र अजून आलेले नाहीत. तक्रारीला उत्तर एका ओळीचे आले होते, आणि त्यात "निष्काळजीपणा" हा शब्द होता. तो कागद त्यांनी घडी घालून पासबुकात ठेवला आहे.