आसन क्रमांक दोन

माझी उंची सहा फुटांना एक बोट कमी आहे आणि पत्नीची पाच फुटांना एक बोट कमी आहे. आमच्या लग्नात अंतरपाट धरला होता तेव्हा मला पलीकडचा अख्खा मांडव, दारातली सनईवाली मंडळी आणि मागे पातेल्यात डोकावणारा आचारीसुद्धा दिसत होता. दिसत नव्हती ती केवळ वधू. पुढे हा एक फुटाचा फरक आम्ही संसारात व्यवस्थित मुरवून घेतला. माळ्यावरचे डबे मी काढायचे आणि पलंगाखालच्या बॅगा तिने ओढायच्या, अशी वाटणी होऊन तीस वर्षे सुखाने गेली. या फरकावरून वाद होत असे तो एकाच ठिकाणी, मोटारीच्या चालकाच्या सीटवर.

जुन्या गाडीत सीटखाली एक लोखंडी दांडा होता. तो वर ओढायचा, पायांनी जोर लावायचा आणि सीट ‘खट्’ करून रुळाच्या पुढच्या किंवा मागच्या खाचेत जाऊन बसायची. मला हवी असलेली जागा नेमकी दोन खाचांच्या मध्ये असे, हा माझ्या पत्रिकेचा दोष. पत्नीने गाडी वापरल्यानंतर मी सवयीने धाडकन आत बसायला गेलो की गुडघे डॅशबोर्डवर आणि कपाळ छतावर आपटत असे, आणि मी गाडी वापरल्यानंतर ती बसली की तिचे पाय ब्रेकपर्यंत पोहोचत नसत. दोघांनाही समोरच्याने हे मुद्दाम केले आहे, असे वाटत असे.

म्हणून नवी गाडी घेताना विक्रेत्याने “ही सीट आठ दिशांना हलते आणि तिला मेमरी आहे” असे सांगितले, तेव्हा आम्ही मायलेजही न विचारता होकार दिला. या आठ दिशांचा हिशेब मला घरी आल्यावर उलगडला. सीट पुढे सरकते ही एक दिशा आणि मागे सरकते ही दुसरी. वर जाते ती तिसरी, खाली येते ती चौथी. पाठ उठते आणि रेलते अशा आणखी दोन. बैठकीची पुढची कड उचलते आणि उतरते अशा शेवटच्या दोन. म्हणजे सीट हलवणाऱ्या विजेच्या मोटारी प्रत्यक्षात चारच. चढायचा जिना आणि उतरायचा जिना असे वेगळे मोजून एका जिन्याचे दोन सांगण्याचाच हा प्रकार आहे. कमरेला आधार देणारी उशी बाहेर-आत होणारी असली की त्या आठाच्या दहा होतात. अष्टदिशांवरून दशदिशांवर जायला आपल्या पूर्वजांना आकाश आणि पाताळ लागले, मोटारवाल्यांचे काम कमरेवर भागते.

मेमरीची पद्धत सोपी आहे. आपल्याला हवी तशी सीट लावून घ्यायची, ‘सेट’चे बटन दाबायचे, लगेच एक किंवा दोन यांपैकी एक आकडा दाबायचा, गाडी ‘टूं’ करते आणि ती जागा त्या आकड्याच्या नावावर चढते. पुढे केव्हाही तो आकडा दाबला की सीट आपण होऊन त्या जागी येते. कर्जाचे हप्ते माझ्या पगारातून जात असल्यामुळे एक नंबर माझा असेल, असे मी गृहीत धरले होते. “अहो, रोज शाळेत गाडी मी नेते, तुम्ही रविवारी भाजीला नेता,” एवढे बोलून पत्नीने ‘एक’ दाबून टाकले. तेव्हापासून माझ्याच गाडीत मी क्रमांक दोन आहे.

वास्तविक दोनच आकडे ठेवण्याची कंजुषी करण्याचे काही कारण नव्हते. अमेरिकेत 1957 सालीच मर्क्युरी टर्नपाइक क्रूझर या गाडीत चालकाच्या सीटला 49 जागा ठरवून दिलेल्या होत्या. अमेरिकेत तेवढी माणसे एका घरात कशी राहत असतील हे मला समजत नाही. आमच्या आजोळी मात्र त्या पुरल्या असत्या. त्याच वर्षीच्या फोर्ड थंडरबर्डमध्ये, गाडी बंद केली की उतरायला सोपे जावे म्हणून आपोआप मागे सरकणारी आणि चालू केली की पुन्हा पुढे येणारी सीट मिळत होती. ही सोय आमच्याही गाडीत आहे. तिच्यामुळे गाडी थांबताक्षणी माझी सीट मागे बसलेल्या सासूबाईंच्या गुडघ्यांवर जाते, आणि आदराने मान तुकवण्याऐवजी जावई प्रत्येक वेळी पाठीने रेटा देतात असे त्यांनी दोन्ही मेव्हण्यांना फोन करून सांगितले आहे.

या सगळ्यापेक्षा मोठा प्रसंग मागच्या वैशाखात पुण्यातल्या एका मंगल कार्यालयात ओढवला. भाच्याचे लग्न होते, जिलबी आणि मठ्ठा होता, आणि वाढप्यांच्या आग्रहाला नाही म्हणण्याचे शिक्षण मला मिळालेले नाही. पत्नी आहेराच्या साड्या उलगडण्यात गुंतली, म्हणून मी वाहनतळावर येऊन, वाऱ्यासाठी गाडीचे दार सताड उघडे ठेवून, बटनाने पाठ आडवी करून डोळे मिटले. अर्ध्या तासाने जाग आल्यावर पुन्हा बसते व्हावे, म्हणून चष्मा न लावताच ‘दोन’ समजून ‘एक’ दाबले.

आधी पाठ उठली, तेव्हा मला सीटचे कौतुकच वाटले. ती माझ्या नेहमीच्या जागी थांबली नाही, आणखी सरळ झाली, इतकी की मी शाळेच्या तपासनीसासमोर बसावे तसा ताठ बसलो. मग सीट पुढे निघाली. तिला घाई नव्हती. पालखी जशी मुक्कामाला जाते तशी ती मंद गुणगुणत, निश्चयाने पुढे जात होती. गुडघे स्टिअरिंगखालच्या प्लॅस्टिकला टेकले, मग स्टिअरिंग जिलबीला टेकले, आणि एवढे झाल्यावर सीटला आठवले की आपल्या मालकिणीला बॉनेट दिसण्यासाठी उंचही व्हावे लागते. ती वर जाऊ लागली. डोके छताला लागले तेव्हा माझी छाती हॉर्नवर दाबली गेली आणि तो वाजायचा थांबेना. वरातीसाठी आलेला बँडवाला तेवढ्यापुरता गप्प झाला.

कोणतेही दुसरे बटन हलवले असते तर सीट जागच्या जागी थांबली असती, हे मला नंतर पुस्तिकेत वाचून समजले. आणखी एक गोष्ट समजली. आमच्या गाडीत दार उघडे असताना आकडा एकदा दाबला की पुरतो. दार बंद असेल तर तो दाबून धरावा लागतो आणि बोट उचलले की सीट थांबते. म्हणजे त्या दिवशी दार लावून झोपलो असतो, तर घामाघूम झालो असतो, पण अडकलो नसतो. अखेर माझ्या देहाने पुरेसा विरोध केल्यावर सीटची मोटार अडखळली आणि बंद पडली. काही गाड्यांच्या काचा मध्ये हात आला की आपण होऊन खाली जातात. सीटला ते शिष्टाचार शिकवलेले नाहीत. ती थांबली, पण तसूभरही मागे गेली नाही. हॉर्न ऐकून पत्नी आली, तिने मला एकदा निरखून पाहिले आणि बाहेरूनच ‘दोन’ दाबत विचारले, “अहो, माझ्या जागेवर कशाला बसलात?”

यानंतर महिन्याभरात बॅटरी गेली. सकाळी गाडी चालू करताना सीट पुढे येत होती, तेवढ्यात स्टार्टरने उरलीसुरली वीज ओढून घेतली आणि सगळेच विझले. नवी बॅटरी बसवली, गाडी सुरू झाली, पण सीटला भ्रम झाला. पत्नीने ‘एक’ दाबले तर सीट तिला पुढे नेण्याऐवजी मागे घेऊन गेली. ती छताकडे पाहत म्हणाली, “हिला मी आठवत नाही.”

आमच्या गल्लीच्या टोकाला मोटारींच्या वायरिंगची कामे करणारा एक तरुण आहे. त्याने सीटखाली टॉर्च मारून मला जवळ बोलावले आणि वाकायला लावले. रुळांच्या मध्ये मुठीएवढी, बारा व्होल्टची मोटार होती. तिच्या दांड्यावर आटे पाडलेले असतात, ते एका दातेरी चक्रात अडकतात, आणि ते चक्र दुसरा लांब आटेदार दांडा फिरवते; मोटारीचे पुष्कळ फेरे झाले की सीट जराशी सरकते. गंमत अशी की मोटार चक्राला फिरवू शकते, पण चक्र मोटारीला फिरवू शकत नाही. म्हणून करकचून ब्रेक दाबला तरी सीट घसरत नाही, आणि म्हणूनच मंगल कार्यालयात मी पाठीने कितीही रेटा दिला तरी तो व्यर्थ होता. हे ऐकून मला त्या दिवसाच्या पराभवाबद्दल बरे वाटले.

“पण मग तिला जागा आठवते कशी?” मी विचारले.

“काका, तिला काही आठवत नाही, ती फेरे मोजते,” तो म्हणाला. मोटारीच्या दांड्यावर एक लहानसे चुंबक असते आणि शेजारी एक सेन्सर. दांडा फिरला की सेन्सरला चुंबकाची चाहूल लागते आणि तो एका डब्यातल्या सर्किटला तसे कळवतो. ‘एक’ म्हणजे पत्नी नव्हे, टोकापासून अमुक इतके फेरे. मारुतीला प्रदक्षिणा घालणारा भाविक जसे हातातले तांदळाचे दाणे मोजून ठेवतो, तसा हा हिशेब आहे. ठरलेले आकडे वीज गेली तरी पुसले जात नाहीत. परंतु प्रदक्षिणा चालू असतानाच वीज गेली तर आपण आत्ता कितव्या फेऱ्यावर आहोत हे सर्किट विसरते, आणि पुढची सगळी मोजणी चुकते.

उपाय भाविकाचाच होता, म्हणजे पहिल्यापासून मोजणे. सीट रुळाच्या एका टोकापर्यंत न्यायची, अडेपर्यंत बटन धरून ठेवायचे, मग दुसऱ्या टोकापर्यंत; तसेच उंचीचे, तसेच पाठीचे. फेरे थांबले की सर्किट समजते, हे टोक. मला तेव्हा लक्षात आले की वैशाखात त्याने मलाही टोकच समजले असणार.

त्यानंतर जागा नव्याने ठरवणे आले. माझे दोन मिनिटांत झाले. पत्नीला मात्र तीन रविवार लागले. ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहावा, पाठ टेकून हात पुढे केला तर मनगट स्टिअरिंगच्या माथ्यावर टेकावे, आणि छाती व स्टिअरिंग यांच्यात एअरबॅगसाठी किमान 25 सेंटिमीटर अंतर असावे, हे तीन नियम मी तिला वाचून दाखवले. पाच फुटांच्या आतल्या माणसाने तिन्ही एकदम पाळून दाखवावेत, असे तिचे उत्तर होते. मी शिवणाच्या पेटीतली टेप घेऊन मापे घेत होतो, ती सीट उचलत, पुढे घेत, पाठ सरळ करत होती, आणि प्रत्येक वेळी म्हणत होती, “असंच होतं, पण असं नव्हतं.”

गणपतीत मुलगी बंगळुरूहून आली. तिची उंची आम्हा दोघांच्या बरोबर मध्ये आहे. दहा दिवस गाडी तिच्याकडेच होती, आणि पहिल्याच दिवशी तिने सीट स्वतःला हवी तशी लावून, ‘सेट’ दाबून, ‘दोन’ दाबले. “बाबा, एकवर आईचं होतं ना,” असे तिने कारण सांगितले, आणि दोनवर कोणाचे होते हे तिला विचारण्याचा धीर मला झाला नाही.

ती परत गेली त्या संध्याकाळी मी गाडीत बसून माझी जागा पुन्हा लावली आणि ‘सेट’वर बोट ठेवले. शेजारी बसलेली पत्नी म्हणाली, “राहू द्या ना तिचा आकडा. दिवाळीला येणारच आहे.”

आता मी गाडीत बसलो की आधी ‘दोन’ दाबतो. सीट मुलीच्या जागी येऊन थांबली की मागे नेण्याचे बटन धरून मनात एक ते सहा मोजतो, आणि पाठ थोडी रेलती करतो. मध्येच पत्नी काही बोलली तर माझी मोजणी चुकते, आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.