सोलापुरात सोसायटीचा वकील? शोधत बसा!

साखर कारखाने सहकारी, सूतगिरण्या सहकारी, पतसंस्था तर गल्लीबोळात. कुंभारीला विडी कामगार बायकांनी सहकारातून दहा हजार घरं उभी केली. आणि अशा जिल्ह्यात हाउसिंग सोसायटीचा कायदा येणारा वकील मिळू नये? पाटीवर 'दिवाणी, फौजदारी, महसूल, सहकार' असं ओळीनं रंगवलेलं असतं. त्यातला सहकार म्हणजे पतसंस्थेची थकीत कर्जं आणि चेक बाउन्स, बस्स.

पहिला प्रश्न काय विचारायला हवा? नोंदणी सोसायटीची की अपार्टमेंटची. जुळे सोलापूर काय, होटगी रोड काय, इमारतीच्या पाटीवरच्या नावाला काही अर्थ नसतो. नोंदणी प्रमाणपत्र असेल तर 1960 चा सहकारी संस्था कायदा, डीड ऑफ डिक्लरेशन (इमारत अपार्टमेंट म्हणून जाहीर करणारा दस्त) असेल तर 1970 चा अपार्टमेंट कायदा. दोन्हींची वाट वेगळी. साहेब कागद न बघताच फी सांगून मोकळे!

मेंटेनन्स थकलाय म्हटलं की नोटिशीत त्या 1960 च्या कायद्याचं कलम 101 ठोकून देतात. अहो, 2019 पासून हाउसिंग सोसायट्यांना स्वतंत्र प्रकरण आहे, वसुली कलम 154ब-29 खाली होते. सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे अर्ज, सोबत ठराव, मागणीच्या नोटिसा आणि सभासदाचा खातेउतारा. त्या उताऱ्यात व्याज चक्रवाढीनं लावलेलं असलं की समोरचा तिथंच धरतो, कारण उपविधीत, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीत, सरळव्याज आणि तेही ठरलेल्या मर्यादेतच. हे तपासायचं कुणी, वॉचमननं? वसुलीचा दाखला निघाला तरी पैसे आपोआप येत नाहीत. पुढं वसुली अधिकारी, सहकारी संस्था नियमांतला नियम 107, जप्ती. तिथवर येईतो वकिलाचा फोन बंद.

त्याहून भारी म्हणजे सभासद-सोसायटीचा वाद थेट दिवाणी कोर्टात टाकणारे. कलम 91 चा वाद सहकार न्यायालयाचा, कलम 163 दिवाणी कोर्टाला आडवं येतं. दोन-तीन वर्षं तारखा खाऊन दावा परत, आणि फी? ती कुठली परत येते!

डीम्ड कन्व्हेयन्सला, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याला, तर कहर. बिल्डर जमीन नावावर करून देत नाही म्हणून जिल्हा उपनिबंधकांकडे नमुना 7 मध्ये अर्ज जातो. कायद्यानं सहा महिन्यांत निकाल हवा. आदेश हातात पडला की वकील पेढे मागतात. अरे, मुद्रांक शुल्काचा अभिनिर्णय (शुल्क किती ते ठरवून घेणं), दुय्यम निबंधकाकडं दस्तनोंदणी, मग सिटी सर्व्हेला किंवा तलाठ्याकडं नोंद, हे कोण करणार? उपनिबंधक आणि दुय्यम निबंधक ही दोन वेगळी ऑफिसं आहेत, हेसुद्धा पक्षकारानंच सांगायचं काय?

आणि काही जण बिल्डरचेच वकील निघतात. वकीलपत्रावर सह्या करण्याआधी महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या) साइटवर प्रकल्प उघडा, टायटल रिपोर्टखाली (जमिनीच्या मालकीच्या वकिली अहवालाखाली) कुणाची सही आहे ते बघा. प्रकल्प जुना असेल तर फ्लॅटच्या करारनाम्यातली नावं वाचा. वकिलांना जाहिरात करता येत नाही, म्हणून ओळखीपाळखीवर चालतं, आणि ओळखीचा माणूस त्याच्या मेहुण्याचं नाव देतो. त्यापेक्षा कन्व्हेयन्स मिळालेल्या सोसायटीकडून आदेशाची प्रत मागा, वकिलाचं नाव वरच असतं. सहकार न्यायालयाचा बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, सकाळी वाचा.

'वसुलीच्या दहा टक्के द्या' म्हणणाऱ्याला तर तिथूनच नमस्कार करा. निकालावर ठरणारी फी बार कौन्सिलच्या नियमात बसतच नाही. फी टप्प्याटप्प्यानं ठरवा, पावती घ्या, मूळ कागद कपाटात ठेवून झेरॉक्स द्या.

एवढं करूनही 'अपील लागलं तर मुंबई, खर्च वाढणार' हे ऐकवतातच. सहकार अपिलीय न्यायालयाचं खंडपीठ पुण्यात आहे. हायकोर्टाचं म्हणाल तर 18 ऑगस्ट 2025 पासून सोलापूरची प्रकरणं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडं जातात. मुंबईचं गाडीभाडं नक्की कुणाच्या खिशात घालायचं म्हणे?